उतार परत मिळवताना : एका गुडघ्याच्या नोंदी

२ ऑगस्ट २०२४

ही वही आजपासून सुरू करीत आहे. १४ जुलैला, ऐन पावसात, बेळगावजवळच्या देवरवाडीच्या डोंगरावरील वैजनाथाच्या देवळाहून खाली येताना शेवाळलेल्या जांभ्या दगडावरून माझा डावा पाय घसरला. पाऊल दोन दगडांच्या खाचेत अडकून राहिले, अंग मात्र उजवीकडे वळले, आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी 'कट्' झाल्याचे स्पष्ट जाणवले. त्या वेळी फारसे दुखले नाही. सोबत्यांच्या आधाराने गाडीपर्यंत आलो, रात्री नीट जेवलो, झोपलोही. सकाळी उठून पाहतो तर सुजेमुळे गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली होती.

हाडांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की सूज कधी आली. मार लागल्यावर तास-दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साचल्याची आणि मोठा अस्थिबंध (लिगामेंट) तुटल्याची शंका अधिक असते. सूज सावकाश, दुसऱ्या दिवशी आली तर संशय सांध्यातल्या हाडांमधल्या गादीकडे जातो. एमआरआयमध्ये तसेच निघाले. आतल्या बाजूच्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला, मागच्या टोकाशी चीर आहे, त्याच बाजूच्या अस्थिबंधाला किरकोळ ताण आहे, एसीएल, म्हणजे सांध्याच्या मधला मोठा अस्थिबंध, शाबूत आहे.

माझे वय ५१. गुडघा मध्येच अडकून बसत नाही, म्हणून शस्त्रक्रियेची घाई नको आणि आधी बारा आठवडे नेमाने व्यायाम करावा, असे डॉक्टरांचे मत पडले. नॉर्वेतील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाचा दाखला त्यांनी दिला. गादी फाटलेल्या १४० मध्यमवयीन माणसांपैकी निम्म्यांवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांना बारा आठवड्यांचा व्यायाम दिला गेला आणि दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. त्या माणसांच्या गाद्या वयानुसार झिजून फाटलेल्या होत्या, माझ्या बाबतीत घसरण्याचे निमित्त आहे, तेव्हा गुडघा अडकू लागला तर वाट न पाहता यावे, हेही त्यांनी बजावून सांगितले.

उद्दिष्ट लिहून ठेवतो. येत्या महाशिवरात्रीच्या आधी देवरवाडीहून वैजनाथ आणि तिथून महिपाळगड, असे पायी चढून जायचे आणि तितकेच पायी उतरून यायचे. यातला दुसरा भाग हेच खरे उद्दिष्ट आहे. आम्ही बेळगावची माणसे भेटली की एकमेकांना 'गड चढलास काय?' असे विचारतो, पण माझा गुडघा चढताना निकामी झालेला नाही, उतरताना झाला आहे.

आजची मापे : वाटीच्या वर १० सेंटिमीटरवर मांडीचा घेर डावा ४५, उजवा ४७.५. वाटीच्या मध्यावर गुडघ्याचा घेर डावा ३९.५, उजवा ३७.५. शिंप्याची टेप वापरली आणि प्रत्येक माप तीनदा घेतले. उद्यमबागेतल्या कारखान्यात माझे काम मापे तपासण्याचेच असल्याने एका मापावर भरवसा ठेवू नये, ही सवय अंगवळणी पडली आहे.

११ ऑगस्ट

फिजिओथेरपीचा दुसरा आठवडा संपला. अडीच आठवड्यांत मांडी अडीच सेंटिमीटर बारीक कशी झाली, हे कोडे आज सुटले. सांध्यात पाणी साचले की तिथल्या नसा मज्जारज्जूकडे जो संदेश धाडतात, त्याने मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूमच मंदावतो. स्नायू फाटलेला नसतो, दुखतही नसतो, पण मन लावून आवळू म्हटले तरी आवळत नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, एवढाच पहिला व्यायाम आहे, आणि पहिल्या दिवशी डावी मांडी नुसती थरथरली. म्हणून आधी सूज उतरवायची, मग ताकद. हा क्रम उलटा करून चालत नाही.

सूज मोजण्याची एक साधी रीत थेरपिस्टबाईंनी शिकवली. पाय लांब करून बसायचे, गुडघ्याच्या आतल्या खळगीवरून तळहाताने वरच्या दिशेने दोन-तीनदा निपटायचे, म्हणजे तिथले पाणी वर सरकते. मग बाहेरच्या बाजूने खाली हात फिरवायचा आणि आतल्या खळगीकडे टक लावून पाहायचे. पाणी असेल तर खळगी हळूच भरून येते, कातडीखालून एक लहानशी लाट सरकावी तशी. आज लाट ठळक दिसली. रोज सकाळी अंथरुणातच हे पाहून वहीत 'ठळक', 'पुसट' किंवा 'नाही' यांपैकी एक शब्द लिहायचा आहे.

दुखण्याचा नियमही ठरला. शून्य ते दहा अशा मापात दोनपर्यंतचे दुखणे चालेल. पाचपर्यंत गेले तर तेही चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत झाले पाहिजे. पाचाच्या वर गेले की त्या दिवशी थांबायचे. घरी तेल लावून जोरात चोळून देण्याचा आग्रह मायेपोटी होतो आहे. सूज असेपर्यंत तो मान्य करता येणार नाही, हे समजावून सांगितले.

३० ऑगस्ट

लाट पुसट. गुडघा पूर्ण सरळ होतो, वाकतोही बऱ्यापैकी. घरातली स्थिर सायकल रोज २० मिनिटे, कमी ताणावर.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. पूजेला आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसलो. मांडी घालणे आणि उकिडवे बसणे अजून मनाई आहे, त्याचे कारण समजल्यावर पाळणे सोपे जाते : गुडघा काटकोनापलीकडे वाकतो तेव्हा मांडीचे हाड मागे सरकून गादीच्या मागच्या टोकावर दाब देते, आणि माझी चीर नेमकी तिथे आहे. गादीच्या बाहेरच्या कडेलाच काय तो रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळजवळ नाही, त्यामुळे ती हाडासारखी भरून येईल, अशी आशा धरून चालत नाही. आजूबाजूचे स्नायू इतके सक्षम करायचे की गादीवरचा भार त्यांनी वाटून घ्यावा, हाच मार्ग आहे.

२२ सप्टेंबर

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत सकाळचे चालणे सुरू होऊन दहा दिवस झाले. मोठ्या झाडांची सावली, मऊ माती आणि जवळजवळ सपाट जमीन, यामुळे बरा होऊ पाहणाऱ्या गुडघ्यासाठी शहरात याहून चांगली जागा मला दिसत नाही. आज ४५ मिनिटे चाललो, दुखणे एक.

उताराची तयारी मात्र घरातल्या पाटावर चालू आहे आणि ती सविस्तर लिहिण्याजोगी आहे. पाट १० सेंटिमीटर उंच. डाव्या पायावर पाटावर उभे राहायचे, उजवा पाय पुढे अधांतरी धरायचा आणि डावा गुडघा सावकाश वाकवत उजवी टाच जमिनीला नुसती टेकवून परत वर यायचे. खाली जाण्यास चार आकडे मोजायचे. कपाटाच्या आरशासमोर केले तेव्हा दोष लगेच दिसला : तिसऱ्या आकड्याला गुडघा आतल्या बाजूला, अंगठ्याकडे झुकतो आणि उजवी कंबर खाली पडते. थेरपिस्टबाईंच्या मते हा दोष गुडघ्याचा नाही, कमरेच्या बाजूच्या स्नायूंचा आहे. म्हणून कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा आणि रबरी पट्टा घोट्यांना बांधून आडवे चालण्याचा व्यायाम वाढवला. पाटावर दहाच्या तीन खेपा आरशात सरळ दिसतील तेव्हाच १५ सेंटिमीटरच्या चौरंगावर जायचे, मग २० सेंटिमीटरच्या पायरीवर.

चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, तर उतरताना तोच स्नायू लांबत लांबत भार तोलून धरतो. आपल्या गाडीला जसा ब्रेक, तसा आपल्या देहाला हा स्नायू. लांबत काम करण्याची सवय मोडलेल्या स्नायूला उतारावर नेले की एक-दोन दिवसांनी जी मरणाची मांडी भरते, ती यामुळेच. ही सवय चढून लागत नाही, ती उतरण्याच्या हालचालीनेच लावून घ्यावी लागते.

६ ऑक्टोबर

पहिला डोंगर. राजहंसगड, येळ्ळूर गावातून डांबरी रस्त्याने. गडावर थेट वाहन जाते, याची पूर्वी मला खंत वाटत असे, पण आज त्याच रस्त्याचे उपकार झाले. चढ पायी करायचा आणि उतार गाडीने, असा बेत ठरवला होता. पुतण्या दुचाकी घेऊन मागून आला.

शिवारात भात पोटरीतून बाहेर पडून लोंब्यांनी वाकले होते. येळ्ळूर-वडगाव भागातल्या बासमतीचा वास सकाळच्या दवात जास्त जाणवतो, त्यासाठी दोनदा थांबलो. मुद्दाम आखूड पावले टाकली आणि वळणांवर रस्त्याच्या बाहेरच्या कडेने गेलो, कारण आतल्या कडेला चढ उभा असतो. तट दिसू लागला तिथे गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या एका आजींनी थांबून विचारले, "काय ओ, पाय दुखालाय काय? सावकाश जावा की." दुखत नव्हते, तरी त्यांचे ऐकले. वर सिद्धेश्वराचे दर्शन घेतले, शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळ थोडा वेळ उभा राहिलो आणि तटावरून उत्तरेला पसरलेले बेळगाव पाहिले. बारा आठवड्यांनी इतक्या उंचीवरून काही पाहत होतो. डोळे भरून आले.

उतरायची इच्छा तीव्र झाली. पाय ताजे होते, ऊनही कोवळे होते. पुतण्या म्हणाला, "काका, ठरलंय ते ठरलंय." गाडीवर बसलो.

७ ऑक्टोबर, सकाळी ६ : लाट नाही. घेरात फरक नाही.

२० ऑक्टोबर

राजहंसगडाची तिसरी खेप. आज उताराचा वरचा एक तृतीयांश भाग पायी उतरलो आणि मग गाडी. वरचा भाग निवडला तो विचारपूर्वक : थकण्यापूर्वीच उतरायचे आणि नको वाटले तर गाडी हाताशी हवी.

कृत्रिम सांध्यात मापक बसवून जर्मनीत घेतलेल्या नोंदींनुसार सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना चढताना तिपटीहून थोडा अधिक आणि जिना उतरताना सुमारे साडेतीन पट भार येतो. माझे वजन ७६ किलो. म्हणजे उताराच्या प्रत्येक पावलाला अडीचशे किलोंहून अधिक भार हा सांधा झेलतो आहे. जुलैत मी ७९ होतो. ते तीन किलो मी केवळ या हिशेबासाठी कमी केले. गुडघ्याची झीज असलेल्या वजनदार लोकांवरील एका अमेरिकी अभ्यासात घटवलेल्या प्रत्येक किलोमागे दर पावलाला चार किलो भार कमी झाल्याचे आढळले आहे. मी त्या गटातला नसलो, तरी दिशा तीच असणार.

आजपासून दोन काठ्या. उभ्या उतारावर दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालल्यास गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी घटतो, असे १९९९ सालच्या एका प्रयोगात दिसले होते. पण काठी नुसती हातात असून भागत नाही. उतारासाठी ती चढापेक्षा लांब करावी लागते, पावलाच्या आधी पुढे खाली टेकवावी लागते आणि तिच्यावर खरोखर भार टाकावा लागतो. पहिली दहा मिनिटे मी काठ्या शोभेच्या धरल्यासारख्या मागून ओढत होतो. लय सापडली ती 'काठी, पाऊल' असे मनात म्हणायला लागल्यावर.

नी-कॅप घातली होती. तिने गादीला आधार मिळतो असे मी समजत होतो, ते खरे नाही. ती घट्ट बसल्याने गुडघा कुठे आहे याची जाणीव चांगली राहते, एवढाच तिचा लाभ आणि तोही मला हवा आहे.

दुखणे तीन, उताराच्या शेवटी.

२८ ऑक्टोबर

सकाळी लाट ठळक. घेर ३८.५, म्हणजे एका दिवसात एक सेंटिमीटर वाढ.

डोंगर नव्हे, दिवाळीचा किल्ला कारणीभूत आहे. काल दुपारी गल्लीतल्या मुलांबरोबर मातीचा राजहंसगड करायला बसलो. बेळगावात वाढलेल्या माणसाला दिवाळीत मातीचा ढिगारा, पोती आणि पाण्याची बादली दिसली की लांब राहणे जमत नाही. बुरुजांची माती थापताना, तटाला शेणाचा हात देताना मी तीन तास उकिडवा आणि गुडघ्यांवर होतो. मुलांनी खुर्ची आणून ठेवलेली होती. मुरगळले नाही, घसरलो नाही, एकदाही कळ आली नाही, आणि म्हणूनच उठावेसे वाटले नाही. दुखण्याचा आकडा त्या वेळी शून्य होता.

यातून नियमातली उणीव सापडली. मी दुखणे मोजत होतो आणि केवळ डोंगराचाच भार धरत होतो. खोल वाकून घालवलेला वेळ हाही भारच आहे, तो वहीत कधी लिहिलाच गेला नव्हता. आजपासून 'वाकून मिनिटे' असा एक रकाना वाढवला आहे. दोन आठवडे डोंगर बंद, परत सायकल आणि टॉवेलची गुंडाळी. किल्ल्यावरचे मावळे मात्र मुलांनी माझ्या हातून खुर्चीवर बसवूनच लावून घेतले.

१७ नोव्हेंबर

लाट सलग पाच दिवस नाही. राजहंसगड, चढ पूर्ण, उतार एक तृतीयांश. ऑक्टोबरात होतो तिथेच परत आलो, पण दुखणे तीनऐवजी एक.

८ डिसेंबर

आज पूर्ण उतरलो. गाडी गडावर नव्हती, येळ्ळुरात होती.

चढायला ५२ मिनिटे लागली, उतरायला ५८. पूर्वीच्या मला हे प्रमाण मान्य झाले नसते, कारण उतार म्हणजे धावत सुटायचे आणि खाली चहावाल्याकडे सर्वांत आधी पोहोचायचे, हीच आमच्या सगळ्यांची रीत होती. आता ती रीत सदोष होती असे माझे ठाम मत झाले आहे. धावत उतरताना पाऊल जोराने आपटले जाते आणि मांडीला सावकाश ब्रेक लावायची संधी मिळत नाही. आज प्रत्येक पाऊल किंचित वाकलेल्या गुडघ्याने टेकवले, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवला, दर दहा मिनिटांनी एक मिनिट उभा राहिलो. भाते कापून झाली आहेत, ओलीवर पेरलेला मसूर वीतभर आला आहे. शिवाराच्या हिरव्या रंगावरून आपण किती उतरलो हे कळत जाते.

शेवटच्या वळणावर दुखणे दोन. ९ डिसेंबर, सकाळी : लाट नाही, दोन्ही मांड्या मात्र सारख्याच भरल्या होत्या. सारख्याच, हे महत्त्वाचे. डावी मांडी आपल्या वाट्याचे काम करू लागली, याचा हा पहिला पुरावा.

५ जानेवारी २०२५

डांबर सोडून माळावरच्या पायवाटा. सुटे खडे, वाळके गवत, जांभ्याचे उंचसखल चिरे. भार कमी असूनही थकवा दुप्पट आला, कारण घोटा आणि गुडघा क्षणोक्षणी तोल सावरत असतात. घरी डोळे मिटून एका पायावर उभे राहण्याचा सराव डाव्यावर १४ सेकंद, उजव्यावर २६. अजून कमी आहे.

९ फेब्रुवारी

देवरवाडीहून पहाटे साडेसहाला निघालो. सोबत जुलैतले तेच दोन मित्र. वैजनाथाचे देऊळ धुक्यात होते. महाशिवरात्रीला अजून सतरा दिवस असल्याने आवारात शांतता होती, पुजाऱ्यांचा झाडू तेवढा ऐकू येत होता. तिथून वर महिपाळगड. हा गड ओसाड नाही. तटाच्या आत नांदते गाव आहे, कोंबडी, धूर, शाळेकडे जाणारी वाट, सगळे काही. इथली माणसे रोजच्या बाजारहाटासाठी हाच डोंगर उतरतात आणि चढतात. एका घराच्या कट्ट्यावर बसून चहा घेतला. मांडी घातली नाही, पाय सोडून बसलो. वाकून मिनिटे : शून्य.

उतरताना देवळाच्या खालच्या बाजूला ती जागा आली. हिवाळ्यात शेवाळ वाळून काळे पडले होते, दोन दगडांमधली खाच तशीच होती, जेमतेम माझ्या पावलाएवढी. मित्र पुढे जाऊन दोन्ही बाजूंना उभे राहिले, कोणी काही बोलले नाही. मी उजवी काठी खालच्या दगडावर टेकवली, मग डावी, भार दोन्हींवर दिला आणि डावा पाय खाचेच्या पलीकडच्या सपाट दगडावर पूर्ण टेकेपर्यंत उजवा उचलला नाही. चार आकडे मोजले, पाटावर मोजत होतो तेवढेच. मग पुढचे पाऊल.

देवरवाडीत पोहोचायला चढण्याहून नऊ मिनिटे जास्त लागली. दुखणे दोन.

१० फेब्रुवारी, सकाळी ६

आतली खळगी तीनदा निपटली, बाहेरून हात फिरवला, दिव्याखाली पाहिले. लाट नाही. गुडघा डावा ३७.५, उजवा ३७.५. मांडी डावी ४७, उजवी ४७.५. अर्धा सेंटिमीटर उरला आहे. आज विश्रांती, उद्यापासून २० सेंटिमीटरच्या पायरीवर हातात दोन-दोन किलोंचे वजन घेऊन.